तळाचा इतिहास: पनवेलच्या खाडीतील वल्ह्याची मासेमारी

पनवेलचा इतिहास आजवर बहुधा रस्त्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. मुंबईहून पाण्याने आलेला प्रवासी जिथे उतरून बोरघाटाची वाट धरीत असे ते बंदर, ही पनवेलची ओळख इतकी पक्की झाली की, ज्या पाण्यावरून तो प्रवासी येत असे त्या पाण्याचा स्वतंत्र इतिहास मागे पडला. गलबते, पडाव आणि मचवे यांची नोंद सरकारी दप्तरांत झाली, कारण त्यांच्यावर माल होता आणि मालावर जकात होती. त्याच खाडीत एक-दोन माणसांनी वल्हवलेली होडी मात्र कोणत्याही जकातनाक्यावर थांबत नसल्याने कागदावर फारशी उमटली नाही. वास्तविक खाडीच्या तळाशी काय आहे, तो कोठे मऊ आहे, कोठे उथळ झाला आणि कोठे वाहून गेला, याचे सर्वांत जुने आणि सर्वांत सलग ज्ञान या होडीवाल्यांपाशीच होते. म्हणून पनवेलच्या खाडीचा इतिहास पाहायचा तर तो या होडीतूनच पाहावा लागतो.

माथेरानच्या डोंगररांगेतून उतरणारी गाढी, तिला येऊन मिळणारी काळुंद्रे आणि तळोज्याच्या बाजूने येणारी कासाडी या नद्यांचे पाणी जिथे समुद्राच्या पाण्यात मिसळते त्या चिखलाळ पट्ट्याला पनवेलची खाडी म्हणतात. ही खाडी पश्चिमेकडे वळणे घेत बेलापूर आणि उलवे यांच्यामधून ठाण्याच्या खाडीला व पुढे मुंबई बंदराच्या विस्तृत जलाशयाला मिळते. खाडी म्हणजे केवळ पाण्याची चिंचोळी वाट नव्हे, तर भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी सारी जमीनही खाडीचाच भाग असते. अशा जमिनीला कोकणात खाजण म्हणतात आणि तिच्या कडेने तिवरांचे रान असते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते व उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांमध्ये पाच मीटरांच्या जवळपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास हा फरक बराच कमी होतो, आणि त्या मंद पाण्याला भांगाचे पाणी म्हणतात. मोठ्या जहाजाला अडचण वाटणारी ही चढउतार लहान होडीला मात्र उपयोगी होती, कारण ओहोटीबरोबर बाहेर पडावे आणि भरतीबरोबर परतावे, म्हणजे अर्धे श्रम पाणीच करीत असे.

या वेळापत्रकाचा हिशेब घड्याळावाचून होत असे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ठोकळ वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे: अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या सुमारास, आणि शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांत सारखाच. चंद्राच्या गतीमुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ही खगोलशास्त्रातील गोष्ट या आडाख्यात इतक्या सोप्या रीतीने बसवलेली आहे की तिथी ठाऊक असलेल्या कोणालाही तो वापरता यावा. पनवेल खाडीच्या आतल्या टोकाला असल्याने बंदराच्या तोंडाशी भरती पूर्ण झाल्यावर काही वेळाने ती येथे पोहोचते, आणि हा फरक जागेजागेनुसार सोडून द्यायचा असतो. तो किती, हे त्या जागी वर्षानुवर्षे वल्हे मारणाऱ्यालाच कळते.

लहान होडीतून एकट्या-दुकट्याने तळाच्या माशाचा माग काढण्याची रीत जगाच्या अनेक किनाऱ्यांवर स्वतंत्रपणे घडली. उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट लोक सांगाड्यावर कातडे ताणून केलेल्या कायाक नावाच्या अरुंद नावेतून प्रामुख्याने सीलची शिकार करीत, तर उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील त्लिंगिट व हैदा लोक सीडर वृक्षाच्या खोडापासून कोरलेल्या नावांतून, लाकडाचे दोन तुकडे कोनात बांधून व त्यांवर कोरीव काम करून केलेल्या मोठ्या गळांनी हॅलिबट हा चपटा मासा धरीत असत. आज त्याच समुद्रात प्लॅस्टिकच्या कायाकमधून हौसेने हॅलिबट धरणारे लोक या जुन्या कामाचे वारसदारच म्हणावे लागतील. पनवेलच्या होडीचा या नावांशी वंशसंबंध नाही. नाते आहे ते कामाचे, म्हणजे उथळ पाणी, लहान नाव आणि तळाला चिकटून राहणारा मासा या तीन गोष्टींच्या मेळाचे.

हॅलिबटचा भारतीय समुद्रातील नातलग म्हणजे मराठीत ज्याला भाकस म्हणतात तो मासा. ब्लॉख आणि श्नायडर यांच्या 1801 सालच्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले आणि आज तो सेटोडेस एरुमेई या नावाने ओळखला जातो. चपट्या माशांच्या वर्गात भाकसाला विशेष महत्त्व आहे. सर्वच चपटे मासे अंड्यातून बाहेर येताना इतर माशांसारखे उभे पोहतात व त्यांचा एकेक डोळा दोन्ही बाजूंना असतो. पुढे वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा एका कुशीवर तळाशी निजतो. भाकसाच्या बाबतीत हा प्रवास जणू अर्ध्यावरच थांबलेला असतो, कारण त्याचा सरकलेला डोळा डोक्याच्या अगदी वरच्या कडेपाशी राहतो, काही माशांत दोन्ही डोळे डाव्या बाजूस तर काहींत उजव्या बाजूस असतात, आणि तो कधीकधी उभाही पोहतो. त्याचे तोंड मोठे व दात तीक्ष्ण असल्याने तो इतर मासे खातो आणि गळालाही लागतो. परंतु भाकस हा खुल्या समुद्रातील, खाडीपेक्षा खोल पाण्यातील मासा आहे. पनवेलच्या बाजारात तो आला तर बाहेरच्या बंदरांतून येतो.

खाडीच्या चिखलातला चपटा मासा म्हणजे लेप. जिभेच्या आकाराचा, वरून तपकिरी व खालून पांढरा, दोन्ही डोळे डावीकडे असलेला हा मासा अंगावर चिखलाचा पातळ थर ओढून घेऊन पडून राहतो, आणि त्याचे बारीक डोळे तेवढे वर दिसतात. त्याचे तोंड लहान व वाकडे असते, तळातले किडे व बारीक कोळंबीवर्गीय जीव हे त्याचे खाणे, त्यामुळे हॅलिबटप्रमाणे त्याला गळाने धरण्याची पद्धत फारशी रूढ झाली नाही. तो मिळतो तो प्रवाहाच्या जाळ्यात. समुद्रकिनाऱ्यावरील मोठ्या पिशवीसारख्या जाळ्याला डोल म्हणतात व त्याचीच खाडीत वापरायची लहान आवृत्ती म्हणजे बोकशी. तळात दोन खुंट रोवून त्यांच्यामध्ये बोकशीचे तोंड प्रवाहाकडे करून बांधतात. धावत्या पाण्याबरोबर कोलीम, कोळंबी, खरबी, लहान बोई आणि तळालगत सरकणारा लेप पिशवीच्या अरुंद टोकात जाऊन साठतो. पाणी फिरण्यापूर्वी हे टोक सोडून होडीत रिकामे करावे लागते, कारण प्रवाह उलटला की पिशवीही उलटते आणि मिळालेले सारे परत पाण्यात जाते. हा अवधी फार थोडा असतो. दोन माणसांच्या होडीत एकाने वल्ह्याने नाव खुंटाशी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने जाळे ओढायचे, अशी कामाची वाटणी असते, आणि वल्हे धरणाऱ्याचा हात ढिला पडला तर होडी जाळ्यावर चढते.

याखेरीज एकट्याने करायची पद्धत म्हणजे पाग. कडेला शिशाचे मणी ओवलेले हे गोल जाळे हवेत फेकले असता पसरून पाण्यावर पडते व तळापर्यंत बुडून दोरी ओढल्यावर मिटते. बोई, काळुंदर व उथळ पाण्यात आलेला जिताडा यांसाठी पाग वापरतात. जिताडा हा रायगडातील खाडीकाठच्या लोकांचा मानाचा मासा, आणि त्याचे जीवन खाडी व शेती या दोहोंना जोडणारे आहे, कारण पावसाळ्यात त्याची पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खाजणातील भातखाचरांत शिरतात व तेथून धरून ती तळ्यात वाढवण्याची जुनी चाल आहे. चिखलातली चिंबोरी, निवटी, कालवे ही होडीवाचूनही मिळतात आणि ती गोळा करण्याचे काम बव्हंशी स्त्रियांचे राहिले. आलेली मासळी पाटीत घालून बाजारात नेणे व वाटे लावून विकणे हेही कोळी स्त्रियांचेच काम होते, आणि घरातला पैसा त्यांच्याच हातून फिरत असल्याने या धंद्याचा खरा जमाखर्च त्यांनाच ठाऊक असे.

होडीच्या बांधणीकडेही थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत जुना प्रकार म्हणजे एकाच खोडापासून कोरलेली नाव; मलबारातून अशा कोरीव नावा अरबस्तानाच्या किनाऱ्यापर्यंत विकल्या जात, आणि दक्षिण कोकणात तिच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनी तरंगता ओंडका जोडून तिला उलांडी लावण्याची पद्धत होती, जेणेकरून लाटेवर ती कलंडू नये. जेम्स हॉर्नेल या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याने 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकांच्या रचनेवरील ग्रंथात या प्रकारांचा तुलनात्मक विचार केला आहे. मुंबई बंदराच्या आतल्या शांत पाण्यात उलांडीची गरज नव्हती. येथे फळ्यांची होडी अधिक सोयीची ठरली. पठाण म्हणजे तळाचा मुख्य तुळईसारखा भाग, त्यावर वांक म्हणजे बरगड्यांसारखी वाकडी लाकडे, आणि त्यांवर सागाच्या फळ्या अशी तिची रचना. फळ्यांच्या सांध्यांत कापूस व राळ भरतात आणि लाकूड किड्यांपासून वाचावे म्हणून त्यावर माशाचे तेल चोळतात. खाडीतल्या होडीचा तळ समुद्रातल्या होडीपेक्षा पसरट ठेवावा लागतो, कारण ओहोटीत ती चिखलावर बसते आणि निमुळत्या तळाची असेल तर एका बाजूला पडते. हातभर पाण्यात चालणारी, चिखलावरून ढकलता येणारी आणि दोन माणसांना उचलून तिवरांच्या आड ठेवता येणारी नाव, एवढीच अपेक्षा होती व ती पूर्ण होत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच खाडीत मोठ्या नावांची गर्दी होती. 1830 मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला, आणि मुंबई ते पनवेल पाण्याने व पनवेल ते पुणे रस्त्याने हा नित्याचा मार्ग बनला. देशावरून आलेल्या बैलगाड्या येथे माल उतरवीत. गाडीची चाके बनवणे हा पनवेलचा नावाजलेला धंदा होता आणि तो या वाहतुकीवरच वाढला. शतकाच्या मध्यास येथे नगरपालिका आली ती या व्यापारी भरभराटीच्या बळावर. परंतु 1863 मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, मुंबईचा माल व माणसे कल्याणमार्गे पुण्यास जाऊ लागली, आणि पनवेलच्या बंदराचे महत्त्व ओसरू लागले. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला पनवेल तालुका 1883 मध्ये कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात गेला. बंदराच्या या उताराला सामान्यतः पनवेलची पीछेहाट म्हटले जाते, आणि व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. मात्र वल्ह्याच्या होडीला त्यामुळे काही तोटा झाला असे म्हणता येत नाही. तिला खोल पाण्याची वाट लागत नव्हती. ज्या गाळामुळे मोठ्या पडावांना भरतीची वाट पाहत थांबावे लागे, त्याच गाळावर लेप आणि कोळंबी पोसली जात होती.

खाडीचा तळ बदलण्याचे काम त्याआधीपासून आणखी एका दिशेने चालले होते. खाजणाभोवती मातीचे बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे व आत भाताची शेती करायची, ही खारबंदिस्तीची पद्धत ठाणे-कुलाबा भागात फार जुनी आहे, आणि बांध घालून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना मिळणाऱ्या शिलोत्री नावाच्या धारापद्धतीने तिला महसुली मान्यताही होती. बांधात ठरावीक अंतरावर उघाडी असते, म्हणजे आतले गोडे पाणी ओहोटीला बाहेर जाऊ देणारे व भरतीला खारे पाणी अडवणारे झडपेचे दार. या उघाडीपाशी मासे जमतात, म्हणून तेथे आगरी शेतकरी जाळे लावीत. आगरी हे या भागातील शेती व मीठ पिकवणारे लोक, आणि कोळी हे होडीचे. पण बांधाच्या आत आणि बाहेर अशा या वाटणीत दोघांचा खाडीशी संबंध जुळलेला होता. 1948 च्या मुंबई खारजमीन कायद्याने बांधांची देखभाल सरकारी यंत्रणेकडे आणली. बांधांनी खाडी अरुंद केली खरी, तरी भरती-ओहोटीचा श्वास त्यांनी थांबवला नाही, आणि पुढे जे घडले त्याच्या तुलनेत तो बदल फार सौम्य होता.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील 95 गावांची सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन नव्या मुंबईसाठी आखण्यात आली. पुढील दशकांत तळोजे येथे औद्योगिक वसाहत वाढली व कासाडी नदीतील रासायनिक सांडपाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला; 1989 मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि त्यासाठी बंदराच्या मुखापासून तळ खोदून जलमार्ग खोल करण्यात आला. तळ खोदला की उकरलेला गाळ पाण्यात पसरतो, भराव घातला की प्रवाह वळतो, आणि प्रवाह वळला की बोकशीचे खुंट ज्या जागी पिढ्यानपिढ्या रोवले जात होते ती जागा निरुपयोगी होते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण भरतीला पाणी पूर्वीसारखेच चढते.

याच टप्प्यावर जमीन आणि पाणी यांच्या कायदेशीर स्थितीतील मोठी तफावत उघड झाली. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा विजय मोठा होता व त्याची किंमत रक्ताने मोजली गेली होती. मात्र त्याचा आधार सातबाराचा उतारा होता, आणि खाडीच्या पाण्याला सातबारा नसतो. ज्या कुटुंबाची जमीन नव्हती, फक्त होडी, जाळे आणि खुंटाची वहिवाटीची जागा होती, त्याच्या हक्काला मोजण्याचे मापच महसुली व्यवस्थेत नव्हते. गावकी आणि कोळीवाड्याच्या पंचांत ठरलेल्या जागा सर्वांना ठाऊक होत्या, वाद झाला तर तिथेच मिटत होता. पण ही वहिवाट कागदावर न उतरल्याने ती कोणी हिरावून घेतली असेही म्हणता येत नव्हते.

पनवेलच्या पश्चिमेला नव्या मुंबईच्या विमानतळासाठी झालेले काम हे या मालिकेतील सर्वांत मोठे. त्यासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, भराव घालून जमीन कित्येक मीटर उंचावली, आणि कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशा वस्त्या उठवून त्यांचे पुनर्वसन करण्यात आले. येथे मोबदल्याचे प्रमाण साडेबावीस टक्के विकसित भूखंड असे वाढवले गेले, परंतु तोही जमिनीचाच मोबदला होता. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावा या सागरी सेतूचे उद्घाटन झाले होते. त्याचे खांब ठाण्याच्या खाडीच्या रुंद पात्रात, म्हणजे पनवेलच्या खाडीतून ओहोटीबरोबर बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेजवळच, उभे राहिले.

पाण्यावरील वहिवाटीला मापाने मोजण्याचा एक ठोस प्रयत्न न्यायालयीन मार्गाने झाला. उरण-पनवेल परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठापुढे नेलेल्या प्रकरणात 27 फेब्रुवारी 2015 रोजी निकाल लागला. न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारासाठी केलेल्या भरावामुळे व बुजलेल्या तिवरांमुळे मासेमारीचे क्षेत्र गेले, होड्यांची वाट अडली, आणि हे नुकसान भरून देण्यास प्रकल्पकर्ते बांधील आहेत, असे त्यात मान्य झाले. 1,630 कुटुंबांना मिळून 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये, म्हणजे दर कुटुंबास 5 लाख 84 हजार रुपये, अशी भरपाई ठरवण्यात आली, आणि नंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रकमेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, जमिनीचा एकही गुंठा नावावर नसलेल्या माणसाचे खाडीतील उपजीविकेचे साधन हे त्याचे नुकसान होऊ शकणारे वित्त आहे, हे येथे लेखी स्वरूपात आले. गव्हाण, बेलपाडा, हनुमान कोळीवाडा या मच्छीमार वस्त्यांच्या नावांना महसुली दप्तरात जे स्थान मिळाले नव्हते ते निकालपत्रात मिळाले.

मासेमारीच्या नियमनातही वल्ह्याच्या होडीला एक वेगळे स्थान आहे. माशांच्या विणीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते, पण ती यंत्रचलित नौकांना लागू आहे. विनायंत्र पारंपरिक होडीला तीतून सूट आहे. त्यामुळे नारळी पौर्णिमेपूर्वीच्या दिवसांत, मोठ्या नौका बंदरात बांधलेल्या असताना आणि गाढी-काळुंद्रेचे गढूळ पाणी खाडीत उतरत असताना, कायद्याने पाण्यावर जाण्याची मुभा या होडीलाच उरते. ती घेणारे हात आता थोडे आहेत, कारण कोळीवाड्यातील पुढच्या पिढीला बंदरात, गोदामांत आणि कारखान्यांत काम शोधावे लागले, आणि फायबरच्या यंत्रहोड्यांनी लाकडी होडी बांधणाऱ्या सुताराचेही काम काढून घेतले. पठाणावर वांक बसवायचा तो कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीचा, खुंट किती खोल रोवला म्हणजे उधाणाच्या ओढीला टिकतो, आणि वळवलेल्या प्रवाहात लेप आता कोणत्या कडेला सापडतो, या गोष्टी सांगू शकणारी माणसे अद्याप खाडीकाठी आहेत. गॅझेटिअरच्या जुन्या खंडांत गलबतांचे टनेज व जकातीचे आकडे नोंदले गेले तितक्याच काटेकोरपणे या माणसांकडून खुंटांच्या जागा, त्यांची नावे आणि त्या कोणाकडून कोणाकडे आल्या याचा नकाशा तयार होण्याची गरज आहे, कारण पुढच्या भरावाच्या वेळी वहिवाट सिद्ध करण्यास तोच उपयोगी पडेल.